मशिदीच्या दारावरचा गणपती

पटाशी हातात धरून मी सकाळपासून नुसता बसून होतो. समोर वीतभर रुंदीचं लाकडी दार होतं. दाराच्या पट्टीवर मधोमध अंगठ्याएवढा गणपती होता, आणि दार होतं मशिदीचं.

पंचवटीत माझं देवघरं करायचं दुकान आहे. आर्किटेक्चर कॉलेजातल्या एक मॅडम प्रदर्शनासाठी फोटो घेऊन आल्या होत्या. दूर चीनमधल्या काशगरकडच्या उइगूर लोकांचं जुनं घर आणि त्याला लागून गल्लीतली लहानशी मशीद, दोन्हींचा लाकडी नमुना त्यांना हवा होता. अंगणावर द्राक्षाचा मांडव, कोरीव खांबांची पडवी, बसायला ओटा, भिंतीत कोनाडे. मला ते घर बघताक्षणी आवडलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तिकडे अशी पुष्कळ घरं आणि मशिदी पाडून टाकल्यात. त्यामुळे अगदी फोटोसारखंच करा." मी तोऱ्यात म्हणालो, "तुम्ही काळजीच सोडा."

आणि केलं काय, तर दारावर फक्त वेल कोरायची सोडून मधे गणपती बसवला! तीस वर्षं हेच करतोय. कोरताना दिसत होताच की, पण दारावर गणपती असणं माझ्या डोळ्यांना चुकीचं वाटणार तरी कसं? चूक कळली ती न्यायच्या दिवशी, शेवटचा तेलाचा हात फिरवताना. दुपारी टेम्पो येणार होता.

तसाच ठेवावा, तर ज्यांची प्रार्थनेची जागाच उरली नाही त्यांच्या आठवणीवर माझा घोळ. रंधा मारावा, तर तो आपल्याच देवावर. पट्टी सरसाने पक्की बसलेली. उचकटली तर मूर्ती भंगणार. शिवाय जुनं सागवान संपलं होतं, नवं लाकूड ठिगळासारखं दिसलं असतं. रागानेच पुटपुटलो, "आता तूच बघ बाबा. माझं डोकं चालत नाही."

तेवढ्यात सिन्नरकडच्या एक मावशी लहानसं जुनं देवघर कडेवर घेऊन आल्या. वरच्या पट्टीची खालची कड तिच्यावरच्या गणपतीसकट वाळवीने खाल्ली होती. "मिस्त्री, एवढी गणपतीची पट्टी नवी बसवून द्या. उद्या लेकाच्या घराची वास्तुशांत हाय."

वेळ नाही म्हणता म्हणता मी त्यांना सगळंच सांगून बसलो. सांगताना रडू आलं, खोटं कशाला बोलू. त्या गणपतीकडे बघत म्हणाल्या, "मग तासता कशाला? निघत आसंल तर मलाच द्या की."

इतक्या वर्षांचा सुतार मी, पण भीतीने डोकं बंद पडलं होतं; सरस गरम पाण्याने सुटतो हेही आठवलं नव्हतं. गरम पाण्यात फडका पिळून सांध्यावर धरला. पुन्हा पुन्हा धरत राहिलो, तसा सरस सुटला आणि पट्टी अखंड हातात आली. खाली एक चिंचोळी पट्टी जोडताच ती मावशींच्या देवघरावर नीट बसली. त्यांच्या जुन्या पट्टीचा वरचा कोरा भाग ठणठणीत होता, तोही जुन्या सागवानाचा. त्यात माझं दार भागत होतं. मी चाचरत विचारलं, "मावशी, हे मशिदीला लावलं तर चालेल ना?"

"देवाच्या दाराचंच लाकूड हाय, देवाच्याच दाराला लागंल. लावा."

त्यावर मी नुसती द्राक्षाची वेल कोरली. टेम्पो आला तेव्हा तेल अजून ओलं होतं.

मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. त्या त्याच वेळी कशा आल्या, यावर मी वाद घालत नाही. मनातल्या मनात रोज एकदा त्यांना नमस्कार करतो. त्या दिवशी देवाला कुठे ठेवावं या चिंतेने मी घामाघूम झालो होतो. त्याने स्वतःची सोय पाहिली, आणि दुसऱ्यांचं दार त्यांच्यासाठी मोकळं करून दिलं. मला फक्त हातातली पटाशी खाली ठेवायची होती.