पंख्याखालची जागा

हिरामणने आयुष्यात एकदाही सिगारेट ओढली नाही.
फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला.

लोकांच्या धुरात उभं राहून त्याचं काय काय गेलं, ते मी जवळून पाहिलंय.

आधी आवाज गेला. हॉलच्या दारातून किचनला ऑर्डर द्यायचा तो खणखणीत आवाज.
मग गावाकडचा चढ गेला. पेठच्या पुढे एसटीतून उतरून घरी जाताना वाटेत दगडावर बसायला लागायचं.
मग आडवं होऊन झोपणं गेलं. भिंतीला टेकून बसून राहायचा.
शेवटी माणूसच गेला.

आज दहावा होता. आत्ताच गावाहून परत आलोय.

हिरामण गंगापूर रोडवरच्या एका परमिट रूममध्ये वेटर होता, पुढे कॅप्टन झाला. मी तेव्हा मोटर वाइंडिंगच्या दुकानात हेल्पर. त्या हॉटेलचे पंखे दुरुस्त करायला जायचो. स्टाफचं जेवण निघालं की आम्ही दोघं एका ताटात जेवायचो.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. हाताखाली माणसं आहेत, व्हिजिटिंग कार्ड आहे.
त्याच्यासाठी मी शेवटपर्यंत मिस्तरीच.
"कार्ड ठेव खिशात. आधी फॅन बघ," म्हणायचा.

हॉटेलच्या एसी हॉलमध्ये सिगारेट चालायची. गिऱ्हाईकाने पाकीट काढलं की हिरामणच्या हातात काडी पेटलेली असायची.
"हिरा, तू का नाही ओढत रे?" कुणीतरी विचारायचंच.
"तुम्ही हाय ना साहेब, आमच्या वाटची ओढायला."
सगळं टेबल हसायचं. मीही हसलोय.

त्या हॉलचा एक रिवाज होता. नवा वेटर दाराशी उभा राहणार. सगळ्यात जुना असेल तो कोपऱ्यात, एक्झॉस्ट फॅनच्या खाली. तिथून सगळी टेबलं दिसतात, आणि पंख्याखाली हवा चोख असते, असं सगळे धरून चालायचे. ती जागा मिळणं म्हणजे प्रमोशन.

हिरामणला मिळाली तेव्हा त्याने मला खास बोलावून दाखवली.
"मिस्तरी, अख्ख्या हॉलमधी अशी हवा नाय. शेटच्या केबिनमधीबी नाय."

माझे कान धंद्याने तयार झालेत. बेअरिंग सुकलंय हे मला फोनवरूनही कळतं. एकदा त्याचा असाच फोन आला होता, सहज. त्याच्या बोलण्यामागे मला बारीक शिट्टी ऐकू आली. श्वास घेताना.
"हिरा, छाती दाखवून घे."
"मी काय मोटर हाय का?"

दाखवली, पण फार उशिरा.
डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट किती?"
"एक पण नाय."
डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. सुमनवहिनी तडकल्या. "माझ्याकडं काय बघता? यांचे कपडे मी धुते. वास येतो, पण तो लोकांचा."
डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, "कामाला कुठे आहात?"

शेट वाईट माणूस नाही. हिरामणच्या उपचारासाठी धावपळ केली त्याने. मला बोलावून म्हणाला, "डबल साइजचा फॅन टाक. स्टाफला त्रास नको."

दुपारची वेळ, हॉल रिकामा. हवा कशी ओढली जाते ते बघायला मी काउंटरवरच्या देवासमोरची उदबत्ती उचलली आणि एकेका टेबलाशी धरली. हिरामण सगळ्यांना भेटायला आला होता. सवयीने आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

पहिल्या टेबलावरचा धूर वाकला आणि सरळ त्याच्याकडे गेला.
शेजारच्या टेबलावरचाही.
दाराजवळच्या टेबलावरचासुद्धा. सावकाश, सगळा हॉल ओलांडून, त्याच्या तोंडावरून वर, आणि मग पंख्यातून बाहेर.

तो बघत राहिला.
"मिस्तरी, हा तं माझ्याकडंच येतो."
मी उदबत्ती विझवली.
"माझ्या आधी हितं सखारामदादा उभे राहायचे," तो म्हणाला. "तेबी खोकूनच गेले. आम्हाला वाटलं, वय झालं."

मी शेटला स्पष्ट सांगितलं. मोठा फॅन लावला तर धूर जोरात जाईल, पण जाईल माणसावरूनच. आणि स्मोकिंग रूममध्ये सर्व्हिस द्यायचीच नाही, असा नियम आहे. सिगारेट बाहेर पाठवा.
"गिऱ्हाईक उठून समोरच्याकडे जाईल, मिस्तरी."

तेव्हा हिरामण बोलला. दम लागत होता, थांबत थांबत बोलला.
"शेट, माझं एक ऐका. या जागेवर आता कोणाला उभं करू नका. माझ्यामागं दत्तू वेटरचा नंबर हाय. त्याला लेकरं हायेत."
शेटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हिरा, जबान देतो. ही जागा तुझ्यापाशी संपली. हॉटेल माझं आहे, इथं मी म्हणेन तेच होतं."

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावलेला असताना तो मला हेच सांगायचा. मास्क बाजूला करून.
"शेट बोललाय ना, मिस्तरी. दत्तू सुटला."
एवढ्या एका गोष्टीचं त्याला समाधान होतं. दुसरं काही उरलंच नव्हतं त्याच्याकडे.

मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण बसायला जाता, मला माहीत आहे. कधी मीही तुमच्यासोबत असतो.
पेटवायची असेल तर बाहेर उघड्यावर जाऊन पेटवा.
आत काडी घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला नाही म्हणणार नाही. नाही म्हणायची त्याला सोयच नाही.

हिरा, मिस्तरीचा शेवटचा रामराम घे.

दहाव्याहून येताना हॉटेलात डोकावलो.
हॉल भरलेला होता.
कोपऱ्यात, पंख्याखाली, दत्तू उभा होता.