डिंभ्याच्या वाटेवरून वळवलेली ॲम्ब्युलन्स

"हे पित्त नाही. हा हार्ट अटॅक आहे," ईसीजीची पट्टी बघत ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर म्हणाले. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. कळंबहून आम्ही मंचरकडे निघालो होतो. मी स्ट्रेचरवर होतो आणि माझी पत्नी सुनंदा पायाशी बसली होती.

डॉक्टरांनी कंट्रोल रूमला फोन लावला. मदतीचे फोन तिथे घेतात आणि कोणती गाडी कुठे जाणार, हे तिथेच ठरतं. हात माझ्या सलाइनमध्ये गुंतलेले असल्याने त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"पेशंट घेतला. मॅडम, त्या बाळंतपणात अडलेल्या बाईचं काय?"

"नारायणगावची गाडी आत्ता मोकळी झाली, ती काढलीय," पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "पण त्यांना कळवता येत नाहीये. फोनच लागत नाही. मीच सांगितलं होतं, डिंभ्याच्या अलीकडे थांबा, हलू नका म्हणून."

"तिथं रेंज न्हाई मॅडम," पुढून ड्रायव्हर म्हणाला. "बसत्याल वाट बघत."

आहुप्याच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्यांवरून पेशंट आणायची पद्धत अशी आहे : वरून जीप खाली निघते, घोडेगावची ॲम्ब्युलन्स खालून वर जाते आणि ठरलेल्या ठिकाणी पेशंटला एका गाडीतून दुसरीत घेतात. चुकामूक होऊ नये म्हणून जीपवाल्याला जागा सोडू नका असं बजावलेलं असतं. त्या दिवशी घोडेगावची गाडी त्या बाईसाठी त्या वाटेला लागलेली होती. मंचरची गाडी अपघातातला जखमी घेऊन पुण्याला गेली होती. तेवढ्यात सुनंदाचा फोन गेला आणि कंट्रोल रूमने घोडेगावची गाडी माझ्यासाठी माघारी वळवली.

हे सगळं मला आडवं पडल्या पडल्या ऐकू येत होतं.

छातीत जळजळ सकाळपासून होती. डावा खांदाही दुखत होता. मी सोडा घेतला. शेजारचा ज्ञानोबा डोकावला, तोंड बघून म्हणाला, "चला राव, गाडी काढतो. मंचरला दाखवून येऊ."

"पित्त आहे रे."

"पित्त असलं तर डॉक्टर हाकलून देतोय व्हय? येताना मिसळ चारतो. मंग व्हईल खरं पित्त!"

मी हसलो आणि गेलो नाही. दुपारी अंगणात कोसळलो. सुनंदाने फोन केला तेव्हा त्याच मुलीने तिला सांगितलं : पेशंटला चालवू नका, टेकून बसवा, ॲस्पिरिन असेल तर चघळायला द्या. "ताई, घाबरू नका, मी फोन ठेवत नाही," असं म्हणत गाडी दारात येईपर्यंत ती बोलत राहिली.

मंचरला थ्रॉम्बोलिसिस झालं, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. नंतर पुण्याला अँजिओप्लास्टी झाली. यात बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडून तिथे स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवतात. आयसीयूत मी राउंडवरच्या डॉक्टरांना विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

"कुठली बाई?"

मी सांगितलं. बाहेर जाऊन ते सुनंदाला म्हणाले, औषधांमुळे कधीकधी असा गोंधळ होतो, काळजी करू नका.

वॉर्डात हलवल्यावर ज्ञानोबा भेटायला आला. मीच त्याच्याकडून वर्तमानपत्राच्या तालुका पानांचे आधीचे अंक मागवले होते. एका अंकात एक कॉलमी बातमी होती. ॲम्ब्युलन्स वेळेत न पोहोचल्याने नवजात बालिकेचा मृत्यू. प्रसूती डिंभ्याजवळ जीपमध्येच झाली. आईची प्रकृती स्थिर. दोषींवर कारवाईची ग्रामस्थांची मागणी.

वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी नोकरी झाली. अशी शीर्षकं मी अनेकदा दिली आहेत. उशीर का झाला, हे वार्ताहराला विचारल्याचं मला आठवत नाही. या बातमीतही ते नव्हतं.

"तुमचं नाव न्हाई ना त्यात?" ज्ञानोबाने विचारलं.

"नाही."

"मग झोपा गुमान."

घरी आल्यावर मी ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांमार्फत त्या मुलीला निरोप दिला. ड्यूटी सुरू व्हायच्या आधी तिने फोन केला. मी आभार मानले. चौकशी झाली का, विचारलं.

"झाली सर. दोन्ही कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं त्यांनी. निर्णय बरोबर होता म्हणाले."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मी हलू नका म्हणाले होते. ते हलले नाहीत."

"मी सकाळीच मंचरला गेलो असतो, तर तुम्हाला गाडी वळवावी लागली नसती."

"हो," ती म्हणाली. "नसती लागली."

सुनंदा, ज्ञानोबा, डॉक्टर, सगळ्यांनी माझी समजूत घातली होती की यात तुमचा काही दोष नाही. तिने घातली नाही. त्यासाठीही मी तिचा आभारी आहे. मग गोळ्या वेळेवर घेता ना, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

त्या वाडीवर जाऊन त्या आईवडिलांना भेटावं, असं बऱ्याचदा मनात येतं. अजून गेलेलो नाही. गेलो तर माझं ओझं हलकं करायचं कामही त्यांनाच करावं लागेल. मात्र ती बातमी अपुरी होती, हे सांगण्याचं देणं माझ्याकडे होतं. उशिराचं कारण कंट्रोल रूममध्ये नव्हतं. ते सकाळपासून कळंबमध्ये सोडा पीत बसलं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला छातीत जडपणा वाटला, खांदा किंवा जबडा दुखला, दरदरून घाम आला, तर पित्त आहे की नाही हे स्वतः ठरवू नका. घरच्यांना लगेच सांगा. शेजारी गाडी काढतो म्हणाला तर त्याच्या शेजारी बसा, स्वतः चालवू नका. गाडी नसेल तर त्याच मिनिटाला फोन करा. तुम्ही थांबता तेव्हा तुमच्या एकट्याचाच वेळ जातो असं नाही. आपल्या भागात गाड्या मोजक्याच आहेत, आणि त्यातल्या एकीची वाट बघत कुणीतरी रस्त्याच्या कडेला थांबलेलं असू शकतं.