मुके रूळ

ग्रिल आणि दरवाजे बनवणाऱ्या त्या वेल्डरला सगळी वस्ती हातोडा म्हणायची, आणि ते काही त्याच्या हत्यारामुळं नव्हे. आधी हात, मग तोंड, असा त्याचा खाक्या! मोजणीला आलेल्या माणसाचे त्यानं दोन दात पाडले. त्याची पत्र्याची शेड पाडायला आलेल्यांतल्या एकाचा हात मोडून कोठडीत जाऊन आला. तोवर शेड भुईसपाट. बंद पडलेल्या रेल्वेच्या कडेला इतकी वर्षं उभी होती. आता त्याच वाटेनं शहराची नवी छोटी रेल्वे धावणार होती.

आणि ती चालवणार कोण? तर ह्याचाच सख्खा धाकटा भाऊ! कळलं तेव्हा हातोड्यानं त्याला उंबऱ्यावरच लोळवला. बायको मध्ये पडली, तर तिलाही ढकललं.

"दादा, नोकरी आहे रे ती," धाकटा ओठाचं रक्त पुसत म्हणाला.

"घरभेद्या! चालवूनच दाखव. रूळच उखडतो."

चाचणीच्या दिवशी भर दुपारी तो पहार घेऊन वळणावर गेला. पहारेकऱ्यानं अडवलं, तर त्याच्या बरगडीत पहार हाणली. मग वळणाकडं पाठ करून रुळावर घाव घालायला बसला. त्यांचा बाप जुन्या मार्गावर रूळ दुरुस्त करायचा. त्यानं दोघा पोरांना शिकवलेलं, रुळाला कान लावावा, गाडी मैलभर लांबून बोलते. हातोड्यानं कान लावला. चिडीचूप. एवढ्यात कुठली यायला!

पण हे रूळ रबरात बसवून काँक्रीटमध्ये पुरलेले. ते काय बोलणार, कप्पाळ! गाडीही विजेची, ना धूर ना धडधड. धाकट्यानं करकचून ब्रेक दाबला, किंचाळला, हातोड्यानं अंग मागं टाकलं, पण उजवा हात कोपराखाली गेला तो गेलाच.

दवाखान्यात धाकटा कित्येक दिवस दाराबाहेरच बसून होता. शेवटी वहिनीनं दंडाला धरून आत आणला. त्याला भावाकडं बघवेना.

"दादा, मी नोकरी सोडतोय. त्या गाडीचं तोंडही बघायचं नाही मला."

हातोड्यानं त्याला जवळ बोलावलं आणि डाव्या हातानं अशी सणसणीत ठेवून दिली की नर्स धावत आली.

"माझा हात घेतलास आणि आता गाडी सोडतोस?" तो रडत ओरडला. "उद्या कामावर जा, नाहीतर तंगड्या मोडीन!"