सुनेच्या कौतुकाचं पत्र

मीनाक्षीताईंनी आयुष्यात इंग्रजीतून एकच पत्र मन लावून लिहिलं, आणि तेच अंगाशी आलं.

त्यांची अमेरिकन सून एरिका चार वर्षं गारखेड्यात त्यांच्याजवळच राहत होती. आता चिन्मयला तिकडं न्यायचं, तर नवऱ्याच्या खर्चाची हमी तिलाच द्यावी लागणार होती. लग्न खरं असल्याचं घरच्यांनीही लिहून द्या, असं वकील म्हणाले. मीनाक्षीताईंनी लिहिलं, ‘दुष्काळात टँकर आला की ही माझ्याआधी हंडा घेऊन धावते. माहेरचं नावही काढत नाही. आता ती कायमची इथलीच.’

दोन महिन्यांनी चिन्मयच्या व्हिसाला नकार आला. हमी देणारीचं घर अमेरिकेत हवं, हिचं तर इथंच दिसतं.

“आई, थोडं कमी कौतुक केलं असतंस तर!” चिन्मय कसनुसा हसला.

“मग काय, नावं ठेवायची होती पोरीला?”

शेवटी एरिकानं एकटीनं पुढं जाऊन तिथं घर-नोकरी उभी करायचं ठरलं. किती महिने, कुणालाच सांगता येईना.

चिकलठाण्याच्या विमानतळावर ती पाया पडली. “येते, आई,” सासूनं शिकवलं होतं तसंच म्हणाली. मीनाक्षीताईंना ‘लवकर ये’ म्हणायचीही भीती वाटली.