वेगळ्या चालीचा डबा

माझ्या थोरल्या भावाच्या सासऱ्यांइतकी, म्हणजे नानांइतकी, रेल्वेच्या नियमांवर श्रद्धा असलेला माणूस खुद्द रेल्वेतही दुसरा नसेल. भुसावळला उभी हयात त्यांनी मालगाडी चालवली, आणि निवृत्त झाल्यावर इंजिन तेवढं रेल्वेकडे ठेवून बाकीची सगळी रेल्वे ते घरी घेऊन आले. बाहेर पडायचं झालं की नाना उंबऱ्याशी येऊन उभे राहत. आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, जुन्या साडीचं एक हिरवं फडकं हलवीत, तेव्हा कुठे नानांचं पाऊल बाहेर पडे. खरी झेंडी त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच जमा केली होती; सरकारी वस्तू घरी ठेवणं त्यांना जमलं नसतं. एकदा अक्का कशावरून तरी रुसल्या आणि फडकं हललं नाही, तर नाना पिशवी घेऊन पाऊण तास दारात उभे! शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "सिग्नल नाही मिळाला अजून." पाहुण्यानं न कळवता येणं त्यांना अजिबात खपत नसे. मी जळगावहून जाणार असलो की आधी शेजारच्या घरी फोन करून कुठल्या गाडीनं येतो ते सांगावं लागे.

मालगाडीच्या ड्रायव्हरचं आयुष्य म्हणजे दुसऱ्याला वाट देण्याचं. मेल आली, व्हा बाजूला. एक्सप्रेस आली, थांबा. पॅसेंजरसुद्धा तोऱ्यात पुढे निघून जाणार. त्यामुळे वाट देणं नानांच्या अंगात इतकं मुरलं होतं की रस्त्यात मागून सायकलची घंटी वाजली तरी ते गटाराच्या कडेला जाऊन उभे राहत. लेकीच्या लग्नात, म्हणजे माझ्या भावाच्याच लग्नात, पंगतीमागून पंगती उठल्या तरी नाना आपले खांबाशी उभे. "जाऊ द्या, आधी मेल जाऊ द्या," म्हणत वऱ्हाडाला पुढे घालत होते. शेवटी ते आचाऱ्यांबरोबर जेवले.

त्यातून आम्ही मुलाकडचे! नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणी प्यायचं नाही म्हणून जळगावला आमच्याकडे येताना भुसावळच्या पाण्याचा थर्मास खांद्याला अडकवून येत. मी बावीस वर्षांचा, मिसरूड नुकतं फुटलेलं; पण मला ते 'पाव्हणे' म्हणत आणि अहो-जाहो करत. एरवी ते शहरी मराठी बोलत. मन भरून आलं की मात्र अहिराणीवर जात. मला त्या मानाची गंमत वाटे, आणि खोटं कशाला बोलू, हळूहळू तो मान माझ्या डोक्यातही गेला.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मेहरूणजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी सहा महिने शिकलो आणि सातव्या महिन्यापासून तिथेच शिकवू लागलो. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी नात्यागोत्यात तज्ज्ञ. एकदा नाना क्लासात आले असताना मी त्यांना मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दिला. पहिल्या दिवशी तो गेम त्यांनी असा खेळला की मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला कडेला होऊन वाट दिली आणि शेवटून पहिले आले. दुसऱ्या दिवशी एका लाल मोटारीला त्यांनी चुकून मागे टाकलं. चुकूनच, पण नाना खुर्चीतून अर्धे उठले. "पाव्हणा, मेल मागे पडनी! मेल!" असं ओरडले आणि मग इकडेतिकडे बघून ओशाळले. परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक घ्यायचा शे घरी. एकदा पहिलं येऊन पाहायचं शे." साठीच्या माणसाच्या तोंडून इतकी साधी इच्छा मी तोवर ऐकली नव्हती.

मग नानांनी जळगावातली कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. कुणी मॉनिटर केवढा म्हणून विचारतं, कुणी रंग विचारतं. नाना काउंटरला टेकून दोनच गोष्टी विचारत, "लोड किती, स्पीड किती?" दुकानदार चक्रावून जात. मेमरी किती एमबीची हा लोड आणि ती किती वेगाची हा स्पीड, हे एकदा उमगल्यावर मात्र नाना त्या विषयात असे शिरले की आमच्या क्लासच्या सरांना जे तासभर फळ्यावर लिहून सांगता येत नसे, ते त्यांनी माझ्या वहिनीला पोळ्या लाटता लाटता समजावलं. "हे बघ पोरी, मेमरी म्हणजे यार्ड. यार्ड लहान असलं तर गाड्या बाहेर उभ्या राहतात. पण जेवढ्या गाड्या, तेवढं यार्ड पुरे. उगाच मोठं यार्ड बांधून लाईन रद्दड टाकली तर काय फायदा?" चौसष्ट एमबीची, शंभरच्या वेगाची मेमरीची एकच पट्टी, हा त्यांचा निर्णय अक्षरशः बरोबर होता.

तो निर्णय मी मोडला. खरेदीच्या दिवशी दुकानात भाऊ होता, माझे दोन विद्यार्थी होते, आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. क्लासातल्या मोडीत निघालेल्या मशीनमधली एक बत्तीसची पट्टी मी खिशातून काढली आणि दुकानदाराला म्हणालो, "हीसुद्धा लावा. मेमरी जितकी जास्त तितकी चांगली." नानांनी पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्यावरचे आकडे वाचले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणे, ही सहासष्टच्या चालीची आहे. गाडीत एक डबा कमी चालीचा जोडला तर बठ्ठी, सगळीच्या सगळी गाडी त्याच्याच चालीनं न्यावी लागते. आमच्याकडे तसा नियम आहे."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. "नाना, हा कॉम्प्युटर आहे, कोळशाची मालगाडी नाही! चौसष्ट आणि बत्तीस शहाण्णव. बेरीज येते ना?" विद्यार्थी फिदीफिदी हसले, भाऊ हसला. दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण माझ्याकडे पाहून तो गप्प झाला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते नाना. त्यांचे कान मात्र लालभडक झाले होते. पट्टी माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही शिकलेले. लावा." ते लाल कान आजही आठवले की मला कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

गेम घरी लागला आणि अडखळू लागला. ऐन वळणावर पडदा थबके आणि पुन्हा सुरू होईपर्यंत चार मोटारी पुढे. मी गेलो की नाना माझ्यासमोर खेळून दाखवत, पाचवे येत आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणत, "मना हातच मालगाडीना शेतस, पाव्हणा. त्याले कोण काय करी?" मी मान डोलवी. वर बोटं कशी ठेवायची, नजर कुठे ठेवायची, असा उपदेशही करी.

काही महिन्यांनी क्लासातली मशीन दुरुस्त करायला पुण्याहून एक इंजिनीअर आला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावू नका. सगळी मेमरी मंद पट्टीच्या वेगानं चालते, नाहीतर अडकते." नानांचंच वाक्य, फक्त डबा वगळून. पुढच्याच रविवारी भुसावळला गेलो ते कबूल करायचं ठरवूनच. अक्कांनी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवलो. नाना गेम खेळले, पाचवे आले. आता सांगू, मग सांगू करत चहा झाला आणि परतीच्या गाडीची वेळ झाली. त्यानंतर दर खेपेला हेच. एक स्क्रू काढून पट्टी उपसायची, दोन मिनिटांचं काम. पण ती उपसली की मी का उपसली ते सांगावं लागलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याचे हात निकामी झालेत असं मी दोन वर्षं वाटू दिलं. लाज वाटते म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून आणखी लाज वाटत गेली.

मग एका उन्हाळ्यात नाना गेले. दिवसकार्य आटोपल्यावर अक्कांनी मला बोलावून सांगितलं, "तो कॉम्प्युटर घेऊन जा. मला त्यातलं काय कळतं!" मी पेटी उघडली. आत एकच पट्टी होती, चौसष्टची. शेजारची खाच रिकामी. मी चमकून टेबलाचा खण ओढला. तिथे लाल फडक्यात नीट गुंडाळलेली माझी बत्तीसची पट्टी होती, आणि तिच्याखाली नानांची वही. वहीत ओळीच्या ओळी: "डबा काढला. पहिला." "डबा काढला. पहिला." "डबा काढला. दुसरा, चूक माझी." आणि मधूनमधून, "पाव्हणे येणार. डबा जोडला. पाचवा."

"तुमचा फोन आला की स्क्रू काढून बसायचे," अक्का म्हणाल्या. "मी म्हणायची, सांगून टाका ना त्यांना. तर म्हणायचे, लेकीच्या सासरचं माणूस शे, त्याची मान आपल्या घरात खाली जायला नको. पोरगं अजून शिकतंय, कळेल त्याचं त्याला."

"अक्का," मी म्हणालो, "मला कळलं होतं. केव्हाच."

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे त्यांना ठाऊक नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

आयुष्यभर सगळ्यांच्या मागे थांबलेला तो माणूस पहिला येत होता. आणि ते अक्कांशिवाय कुणाला त्याला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं तर माझी अब्रू गेली असती. कॉम्प्युटर मी नेला नाही. "इथेच राहू दे," असं आतल्या दिशेनं म्हणालो, लाल फडक्यातली पट्टी खिशात घातली आणि उंबऱ्याशी आलो. पण पाय पुढे जाईना. त्या घरातून असं आपल्या मनानं निघता येत नाही, हे मला माहीत होतं. मी तिथेच उभा राहिलो. गाडीची वेळ झाली, टळली. बऱ्याच वेळानं आतून अक्का आल्या, डोळे पुसलेले. दारात मला पाहून क्षणभर थबकल्या, आणि मग खुंटीवरचं हिरवं फडकं काढून त्यांनी हलवलं.