साहेब मीटिंगमध्ये

लखनौच्या मानक नगरातल्या आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी बाळ आलं की गायकवाडकाकू आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून त्या दारात जाऊन बसत. आत बाळ पीत असलं की आलेल्याला बाहेरच थांबवून अदबीनं सांगत, "साहब मीटिंग में हैं." काकू मूळच्या नागपूरच्या, पण सारी नोकरी इथल्याच एका सरकारी ऑफिसात मोठ्या साहेबांची पीए म्हणून झालेली. माणूस न दुखावता परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

माझी लेक झाली तेव्हा काकू थेट दवाखान्यात हजर. सासूबाई मध चाटवायच्या तयारीत होत्या. काकूंनी त्यांचा हात धरला आणि नर्सला हुकूम सोडला, "बच्ची को पहला चीक देना है."

नर्स म्हणाली, "चीख तो निकल गई अम्मा, पूरे वॉर्ड ने सुनी."

चीक म्हणजे किंकाळी नव्हे, आईचं पहिलं पिवळं दूध, हे हातवाऱ्यांनी समजावताना काकूंनी अख्ख्या वॉर्डाला लाजवलं. नर्सला हसू आवरेना, पण लेकीला माझ्या छातीशी लावलं तिनंच. मध पिशवीत परत गेला.

घरी आल्यावर खरा दरबार भरला. या शहरात दारातून आत शिरताना 'पहले आप' चालतं, सल्ला देताना मात्र प्रत्येकाला पहिला नंबर हवा असतो. एकीनं गर्मी फार म्हणून चमचाभर पाणी पाजायला सांगितलं, दुसरीनं घुट्टी. गोमती नगरच्या मामेनणंदेनं चकचकीत कागदात गुंडाळून दुधाच्या पावडरचा डबाच आणला. माझा नवरा इंजिनियर. बाटलीवर निदान आकडे असतात, इथं पोटात किती गेलं याचं रीडिंगच मिळत नाही, ही त्याची तक्रार. मला टाके दुखत होते, दूध जेमतेम येत होतं, आणि लेक रडली की सगळी बैठक माझ्याकडे बघायची. एका दुपारी सासूबाईंनी डब्याच्या झाकणाला हात घातला. "पोरगी उपाशी आहे," असं त्यांनी मला नाही, भिंतीला सांगितलं. झालं, आपण आई म्हणून नापास, असं मला वाटलं.

काकू खुर्चीसकट आत आल्या. "ताई, डबा कुठं पळून नाही राहिला. आधी डॉक्टरला दाखवू. ते हो म्हणाले तर मी स्वतः कालवून देते."

डॉक्टरांनी वजन बघितलं, लंगोट किती ओले होतात ते विचारलं, बाळाला धरायची पद्धत सुधारून दिली. पुन्हा पुन्हा पाजा, दूध वाढेल, म्हणाले. सहा महिने पाणीसुद्धा नको, आईचं दूधच तिला आजारांपासून जपेल.

मग काकूंचं राज्य सुरू झालं. सासूबाईंना त्यांनी अळीवाच्या लाडवांना बसवलं, कारण हाताला काम मिळालं की सल्ले थांबतात हा ऑफिसातला अनुभव. नवऱ्याला लंगोट धुवायला लावले, तिथं त्याला हवं ते रीडिंग मिळालं. मला झोप मिळाली, एकांत मिळाला, आणि असा पान्हा फुटला की ब्लाउज भिजायला लागले. डबा न उघडता दुसऱ्या कुणाच्या बारशाला गेला, अजूनही शहरात फिरत असेल.

कौतुक केलं की काकू चिडायच्या. "मला दुधातलं काय कळते? मला माणसं परत पाठवता येतात, बस."

काकू मुलाकडे राहायच्या. त्याची नागपूरला बदली झाली. निघायच्या संध्याकाळी लेकीला घेऊन मी भेटायला गेले आणि सहज विचारलं, "तुमच्या वेळी दारात कोण बसायचं हो?"

काकूंनी बांधलेल्या सामानाची दोरी आणखी आवळली. "कोण बसणार, पोरी? रजा संपली तशी कामावर. छाती दगडासारखी व्हायची. मग ऑफिसच्या बाथरूमात जाऊन बेसिनमध्ये पिळायची. घरी माझं पोरगं भुकेनं रडून राहिलं होतं, अन् मी तिथं नळ सोडून दूध वाहवून राहिली होती."

 मी लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं. तिनं सवयीनं त्यांच्या पदरात तोंड खुपसलं.

"नाही गं बाई, इथं काही नाही आता," काकू म्हणाल्या, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडल्या.