दोन रिंगा

धायरीचं ते केबल कापण्याचं प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. मोबाईल घरोघरी आले होते, पण बोलायला पैसे पडायचे, त्या दिवसांतली गोष्ट. शेतं जाऊन इमारती उठत होत्या आणि गच्च्यांवर टॉवर. त्यातल्या एका टॉवरची केबल सारखी कापली जायची आणि आख्ख्या भागाची रेंज जायची. एक पेन्शनर गृहस्थ ठाण्यात येऊन म्हणाले, "तक्रार फोनवरच करणार होतो, पण आपल्या कृपेने चालत यावं लागलं."

कंपनीची फिर्याद चोरीची होती. पंचनाम्याला गेलो, तर कापलेलं तांबं तिथेच पडलेलं. तांबं टाकून जाणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. मग खबऱ्याने सांगितलं, "भाईरचं कुणी न्हाय, साहेब. घरमालकच. रविवारी लेक भेटून गेली, की कोयता घिऊन वर चढतो."

घरमालक म्हणजे म्हातारा शेतकरी. बायको आदल्या वर्षी गेलेली. गच्ची टॉवरला त्यानेच भाड्याने दिलेली. पुढच्या रविवारी लेक निघून गेल्यावर तो जिना चढत असतानाच आम्ही त्याला कोयत्यासह धरलं.

"आबा, केबल का कापता?"

"फांद्या छाटाया चाललो व्हतो."

"गच्चीवर?"

दरडावलं, चहा पाजला, उपयोग नाही. तेवढ्यात त्याचा फोन दोनदा वाजून थांबला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

"लेक हाय. बिबवेवाडीला पोचली. दोन रिंगा म्हंजी समदं बरं हाय, उचलायचा न्हाय. आमचं ठरल्यालं."

मग तो रडायलाच लागला. बायकोच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याने गाडी आणायला लेकीलाच फोन लावला होता. दोनदा वाजला आणि रेंज गेली. पुन्हा लागलाच नाही.

"तिला वाटलं, बरं हाय. म्या सांगितलं, आई झोपंत गेली. आता त्या रिंगा ऐकवत न्हाईत. नको करू म्हणावं, तर कारण सांगावं लागंल. तिला कळू देऊ नका, साहेब."

मी शब्द दिला.

जामिनाला लेक आली. बापाला बाहेर बाकावर बसवून माझ्यासमोर हळूच म्हणाली, "त्या दिवशी दोन रिंगा आल्या होत्या. शेजारणीने नंतर मला खरं सांगितलं. आबांना वाटतं, मला माहीत नाही. रिंगा देणं थांबवलं, तर त्यांना कळेल. त्यांना काही सांगू नका."

तिलाही शब्द दिला. जबाबात कारण लिहिलं, 'टॉवरच्या जनरेटरच्या आवाजाचा त्रास'.

माणसाला बोलतं केलं की तपास संपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ही दोघं बोलली खरी, पण माझ्याशी. ज्याच्याशी बोलायला हवं, त्याच्याशी माणसाला बोलतं करणं पोलिसाच्या हातात नसतं, हे मला तिथे कळलं, आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतर ती केबल पुन्हा कापली गेली नाही. वरिष्ठांनी शाबासकी दिली. म्हणजे दर रविवारी त्या दोन रिंगा पोचत राहिल्या, आणि म्हातारा त्या ऐकत राहिला.